मुलांचे स्नेहसंमेलन मुलांकडेच राहू द्या : शिक्षणाधिकाऱ्यांना एका पालकाचे खुले पत्र

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद.

विषय : शाळेचे ठरलेले स्नेहसंमेलन थांबवणारा आदेश मागे घेणे, तसेच वर्गातून काढून घेतलेला शिक्षक व वेळ परत देणे याबाबत.

महोदय,

17 डिसेंबर रोजी संध्याकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी आमच्या शाळेच्या प्रभारी मुख्याध्यापकांच्या मोबाइलवर, तालुका कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात, एक संदेश आला. 2 आणि 3 जानेवारीला तालुक्याच्या ठिकाणी जिल्ह्याचा मोठा कार्यक्रम आहे. पहिली ते आठवीच्या प्रत्येक शाळेने लेझीम व समूहगीतासाठी चाळीस विद्यार्थी पूर्ण गणवेशात सकाळी आठ वाजता मैदानावर हजर ठेवावेत. आणि या कारणाने कोणत्याही शाळेने स्नेहसंमेलन, बालआनंद मेळावा किंवा क्षेत्रभेट ‘पुढील आदेशापर्यंत’ आयोजित करू नये, असा त्याचा मजकूर होता. संदेशात आपल्या कार्यालयाचे नाव होते, जावक क्रमांक मात्र नव्हता. आमच्या शाळेचे स्नेहसंमेलन 3 जानेवारीला, सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीला, ठरलेले आहे. ते या महिन्यात घाईने ठरलेले नाही. जूनमधल्या व्यवस्थापन समितीच्या पहिल्या सभेत ठराव करून ठरलेले आहे आणि त्या ठरावाची प्रत तेव्हाच केंद्रप्रमुखांकडे गेलेली आहे.

मी त्या समितीची सदस्य आहे. माझी मुलगी याच शाळेत सातवीत आणि मुलगा दुसरीत शिकतो. माहेर आणि सासर एकाच गावात असल्याने मीही सातवीपर्यंत याच शाळेत शिकले. पुढे लग्नानंतर मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली आणि गावात शिवणाचे दुकान टाकले. हे पत्र लिहिताना माझ्या समोरच्या दांडीवर बावीस पोशाख टांगलेले आहेत : नऊ मुलींची काष्ट्याची लहान लुगडी, सहा मुलांच्या बाराबंद्या आणि दुसरीच्या सात पोरांना सूर्यफूल करण्यासाठी शिवलेले पिवळे झगे. शिलाई मी घेतलेली नाही, पण कापडाचे आणि नाड्या-गोंड्यांचे पैसे ज्या पालकांनी दिले, त्यांतले निम्मे लोक रोजंदारीवर जातात. ‘पुढील आदेशापर्यंत’ हे दोन शब्द आपल्या कार्यालयात किती सहज लिहिले जातात याची मला कल्पना नाही. आमच्याकडे ते या दांडीवर येऊन थांबले आहेत.

पुढे काही लिहिण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते. हे पत्र मला कोणत्याही शिक्षकाने लिहायला सांगितलेले नाही आणि कोणी दाखवूनही घेतलेले नाही. असे पत्र प्रसिद्ध झाले की दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना ‘खुलासा सादर करावा’ अशी नोटीस निघते, असा आमचा अनुभव आहे. खुलासा हवा असेल तर तो माझ्याकडे मागावा.

आमच्या शाळेत 141 मुले आहेत. पहिली ते पाचवीत 84 आणि सहावी ते आठवीत 57. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे खालच्या वर्गांना तीन आणि वरच्या वर्गांना तीन, असे सहा शिक्षक असायला हवेत. वरच्या वर्गांत गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांना किमान एकेक, हेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. मंजूर पदे सहाच आहेत. त्यांतले एक दोन वर्षे रिकामे आहे. गणित-विज्ञानाचे पदवीधर शिक्षक ऑगस्टपासून तालुका कार्यालयात ‘कामगिरीवर’, म्हणजे शाळेबाहेरच्या तात्पुरत्या कामावर, आहेत. प्रभारी मुख्याध्यापकांकडे शाळेचा कारभार आणि पाचवीचा वर्ग, दोन्ही आहे. पहिली-दुसरीच्या बाईंकडे बीएलओचे, म्हणजे मतदार यादीचे, कामही आहे. निवडणुकीचे काम कायद्याने शिक्षकांना सांगता येते, म्हणून त्याबद्दल मी भांडत नाही. एवढेच म्हणते की आठ वर्गांना चार माणसे उरली आहेत, आणि त्या चारांचाही किती वेळ वर्गात जातो, ते मी स्वतः बसून पाहिले आहे.

नोव्हेंबरच्या एका मंगळवारी समितीची सदस्य म्हणून मी पहिली-दुसरीच्या वर्गात सकाळी तासभर बसले. फळ्यावर हातच्याची वजाबाकी होती, 52 वजा 27. मागच्या रांगेतल्या एका मुलाने पाटीवर 35 लिहिले आणि पाटी वर धरली. बाई त्याच्याकडे निघाल्या तेवढ्यात फोन वाजला. अपार आयडीसाठी, म्हणजे विद्यार्थ्यांच्या ओळख क्रमांकासाठी, किती मुलांची माहिती बाकी आहे, ते अकरापर्यंत कळवायचे होते. बाईंनी हजेरीपटावरून आकडा काढला, टाइप केला, पाठवला. मुलाने हात खाली घेतला, कोपराने पाटी पुसली आणि पुन्हा तेच लिहिले. बाई पुन्हा वळल्या, तर दुसरा फोन आला : एका ऑनलाइन प्रशिक्षणाची लिंक उघडली नसल्याचे स्मरण. तिसऱ्या वेळी मुलाने वजाबाकी लिहिलीच नाही. त्याने पाटीवर ट्रॅक्टर काढला, मागे ट्रॉली काढली, ट्रॉलीत ऊस भरला. त्या तासाभरात चार वेळा फोन आला आणि त्यांतल्या तीन संदेशांवर ‘अतितात्काळ’ असे लिहिलेले होते. 52 मधून 27 गेले की 35 का उरत नाहीत, हे त्या मुलाला त्या दिवशी कोणी सांगितले नाही. बाईंचा यात काही दोष आहे असे मला वाटत नाही. ज्या शिक्षिकेला वजाबाकीचा हातचा आणि कार्यालयाचा ‘अतितात्काळ’ यांतले एकच निवडावे लागते, ती काय निवडणार, हे आपल्यालाही ठाऊक आहे, कारण नोटीस हातच्यासाठी निघत नाही.

आता उपक्रमांविषयी. 16 जूनपासून मी माझ्या मापवहीच्या मागच्या पानांवर नोंद ठेवली आहे. ज्या पानांवर गिऱ्हाइकाची छाती-कंबर-उंची लिहिते, त्याच वहीत शाळेची मापे लिहिली. 20 डिसेंबरपर्यंत वरून सांगितलेले 34 उपक्रम झाले, आणि त्या प्रत्येकाचा फोटो किंवा लिंक पाठवायची होती. त्यांतल्या 11 उपक्रमांची सूचना आदल्या संध्याकाळी किंवा त्याच दिवशी सकाळी आली. हे सगळे उपक्रम निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. शनिवारी कृती-उपक्रम घेण्याच्या ‘आनंददायी शनिवार’चा आमच्या शाळेने फार चांगला उपयोग केला. परसबागेतली मेथी आणि कोथिंबीर दोन वेळा खिचडीत पडली आणि तिसरीच्या मुलांनी वाफ्याची लांबी-रुंदी वितीने मोजून वहीत उतरवली. ते चांगले झाले, कारण काय करायचे आणि केव्हा करायचे, हे शाळेने ठरवले होते.

याउलट 15 ऑक्टोबरचा दिवस मी विसरू शकत नाही. त्या तारखेला डॉ. अब्दुल कलाम यांच्या जयंतीनिमित्त वाचन प्रेरणा दिन असतो आणि जागतिक हात धुणे दिनही त्याच दिवशी असतो. दोन्हींचे फोटो दुपारी दोनपर्यंत हवे होते. शाळेची बोअरची मोटर तेव्हा जळालेली होती. ती सप्टेंबरपासून जळालेली आहे आणि आजही, हे पत्र लिहीपर्यंत, तशीच आहे. म्हणून शेजारच्या घरातून दोन बादल्या पाणी आणले गेले, नळाच्या कोंडाळ्यापाशी मुलांची रांग लावली गेली, आणि तोटीखाली हात धरून, वरून तांब्याने पाणी सोडून, स्थळ-वेळ उमटणारे फोटो काढले गेले. मग त्याच मुलांना ओळीने बसवून हातात गोष्टीची पुस्तके दिली गेली. हात ओलेच होते. दोन पुस्तकांची पाने चिकटली. फोटो झाल्यावर पुस्तके कपाटात गेली, कारण पुढचा तास सुरू करायचा होता, आणि उरलेली अर्धी बादली खिचडीची भांडी विसळायला गेली. जेवणाआधी त्या दिवशी मुलांनी हात धुतले नाहीत. पाणी फोटोपुरतेच होते. मोटरसाठी आम्ही गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात दोन अर्ज दिले आहेत, दोन्हींची पोच माझ्याजवळ आहे. हात धुण्याच्या फोटोंचा अहवाल आपल्यापर्यंत त्याच दिवशी पोहोचला असणार; मोटरचे अर्ज तीन महिन्यांत पोहोचले की नाही, ते आपणच सांगू शकाल.

गणिताच्या सरांविषयी वेगळे लिहावे लागेल. ऑगस्टमध्ये ते गेले तेव्हा आठवीचे घातांक व घनमूळ हे प्रकरण चालू होते. त्यानंतर भाषेचे सर जमेल तेव्हा गणिताचा तास घेतात आणि प्रामाणिकपणे सांगतात की विस्तार सूत्रे त्यांनाही आदल्या रात्री वाचून यावी लागतात. विज्ञानाच्या साहित्याच्या कपाटाची किल्ली सरांच्या जुडग्यात राहिली. ती दोन महिन्यांनी परत आली, तोपर्यंत सहावी-सातवीचे सगळे प्रयोग फळ्यावर खडूने झाले. माझ्या मुलीच्या वहीत लिटमस कागदाचा रंग बदललेला दाखवण्यासाठी निळे आणि लाल स्केचपेन वापरले आहे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 27 सांगते की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर कोणत्याही अशैक्षणिक कामासाठी शिक्षकाची नेमणूक करता येणार नाही. कार्यालयात बसून इतर शाळांची ऑनलाइन माहिती तपासणे या तिन्हींपैकी कशात बसते, ते आपण लेखी कळवावे. सहावी ते आठवीला वर्षाला 220 दिवस आणि 1000 तास अध्यापन झाले पाहिजे, असे हाच कायदा म्हणतो. आमच्या आठवीच्या मुलांचे गणिताचे तास ऑगस्टनंतर किती झाले, ते वेळापत्रकाच्या वहीत पाहता येईल.

स्नेहसंमेलने थांबवण्यामागे शिष्यवृत्ती परीक्षा जवळ आली असल्याचे कारण तोंडी सांगितले गेले, म्हणून मी हे इथेच लिहिते. परीक्षेची खरोखर काळजी असेल तर गणिताचे सर परत द्यावेत. दोन दिवस मुलांना तालुक्याच्या मैदानावर उभे करून आणि त्याआधी दहा दिवस लेझमाचा सराव करून घेऊन परीक्षेची कोणती तयारी होणार आहे, हे मला समजलेले नाही.

मैदानावर उभे करण्याचा अनुभवही आम्हाला आहे. मागच्या फेब्रुवारीत अशाच एका कार्यक्रमासाठी आमची छत्तीस मुले मालवाहू टेम्पोतून नेली होती. नऊची वेळ दिली होती, पाहुणे पाऊण वाजता आले. तोपर्यंत मुले ओळीतच होती. सहावीतल्या दोन मुलींना भोवळ आली. मैदानालगतच्या इमारतीतले स्वच्छतागृह कुलूपबंद होते आणि मोठ्या मुलींनी दिवसभर पाणी पिण्याचे टाळले. जेवणाची पाकिटे तीन वाजता मिळाली. त्यावेळी आम्ही पालकांनी तोंडी तक्रार केली आणि पुढच्या वेळी काळजी घेऊ असे उत्तर मिळाले. पुढची वेळ आता आली आहे, आणि संदेशात वाहनाचा, जेवणाचा, पाण्याचा किंवा सोबत किती शिक्षिका असाव्यात याचा एकही शब्द नाही. केंद्रस्तरावरच्या क्रीडा स्पर्धांच्या तारखा दोनदा बदलल्या, आमच्या मुलींच्या खो-खोच्या संघाची त्यामुळे जी परवड झाली, तिच्याविषयी मी लिहीत नाही. ते दुःख त्या मानाने लहान आहे.

आता स्नेहसंमेलनाचे सांगते, कारण हे सगळे ज्याच्यासाठी लिहिते आहे ते तेच आहे. ‘गॅदरिंग’ म्हटले की मोठ्या आवाजातली गाणी आणि त्यावरचे नाच, असे चित्र आपल्यासमोर येत असेल तर त्यात आपली चूक नाही. आमच्याकडेही काही वर्षे तेच चालले होते. या वर्षी समितीने आणि शिक्षकांनी ठरवले की मुलांनीच नाटक लिहायचे. सातवी-आठवीच्या मुलांनी विषय निवडला मुक्ता साळवे हिचा. फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी ही मुलगी चौदा वर्षांच्या आसपासची होती, तेव्हा, 1855 साली, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. भाषेच्या सरांनी निबंधाचा उतारा वर्गात वाचला, मुलांनी त्यावर चार प्रवेश लिहिले, तीन वेळा खोडले. आठवीने खर्चाचा अंदाज काढला. मंडप ग्रामपंचायतीचा, ध्वनिक्षेपक गावातल्या एका कुटुंबाचा, वर्गणी 4,300 रुपये. निमंत्रणपत्रिका सहावीने हाताने लिहिल्या. ‘आपले आगमन प्रार्थनीय आहे’ हे वाक्य साठ वेळा लिहिल्याने सहावीतल्या काही मुलांचा ‘प्रार्थनीय’ एवढा एक शब्द तरी आता कायमचा शुद्ध झाला आहे.

मुक्ताची भूमिका करणारी मुलगी गावातली नाही. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या वाटेवर मजुरांच्या कोपी, म्हणजे झोपड्या, पडतात, तिथे तिचे आईवडील उतरले आहेत. मराठवाड्यातल्या आपल्या शाळेचे, स्थलांतरित मुलांसाठीचे शिक्षण हमी कार्ड घेऊन ती नोव्हेंबरमध्ये आमच्या सातवीत दाखल झाली. अशी चौदा मुले या वर्षी शाळेत आली आहेत. दरवर्षी अर्धे सत्र इथे आणि अर्धे तिथे गेल्याने तिचे वाचन अडखळत होते. जोडाक्षर आले की ती थांबायची आणि ओढणीचे टोक तोंडात धरायची. नाटकाची वही हातात आल्यापासून ती रोज संध्याकाळी माझ्या दुकानाच्या पायरीवर माझ्या मुलीबरोबर बसून संवाद वाचते. ‘ज्ञानोदय’ हा शब्द तिला चार दिवस जमला नव्हता. पाचव्या दिवशी जमला, तेव्हा तिने तो येणाऱ्या-जाणाऱ्या दोघा-तिघांना विनाकारण म्हणून दाखवला. माप द्यायला आली तेव्हा लुगड्याची उंची एक बोट जास्त ठेवा, नंतर आईला उसवून मोठे करता येईल, असे म्हणाली. आणि मग तिने विचारले, “काकू, तीन तारखेलाच हाय ना नक्की? पाच तारखेला मुकादम दुसऱ्या फडावर नेणारंय आम्हाला.”

तो फड इथून दुसऱ्या तालुक्यात आहे. म्हणजे कार्यक्रम ‘पुढील आदेशापर्यंत’ ढकलला, तर माझ्या मुलीसाठी तो फेब्रुवारीत होईल किंवा कदाचित मार्चमध्ये होईल. या मुलीसाठी तो होणारच नाही. कोपीवरच्या मुलांनी शाळेत यावे म्हणून आपला विभाग दरवर्षी शोधमोहीम काढतो आणि त्याचे अहवाल मागवतो. ही मुलगी कोणाच्या मोहिमेशिवाय रोज पावणेदहाला शाळेच्या फाटकाशी उभी असते. ती ज्यासाठी उभी असते, तेच आपण रद्द करत आहात. मुक्ताचे काम दुसऱ्या मुलीला द्यावे, अशी सूचना समितीच्या सभेत एकाने केली होती. सातवीच्या मुलांनी ती ऐकून घेतली आणि नकार दिला.

सावित्रीबाईंच्या जयंतीला मुलींना गावच्या व्यासपीठावरून उतरवून पाहुण्यांच्या स्वागताच्या ओळीत उभे करावे, यातला विरोधाभास मी आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. एवढीच आठवण देते की 1882 मध्ये जोतीरावांनी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात त्यांनी सरकारला प्राथमिक शाळांकडे लक्ष द्या, चांगले शिक्षक द्या, त्यांना पुरेसा पगार द्या, असे मागितले होते. मिरवणुका मागितल्या नव्हत्या.

आपल्यालाही वरून आदेश येतात, हे मला ठाऊक आहे. मंत्रालयातून आयुक्तालय, तिथून जिल्हा, तालुका, केंद्र, आणि शेवटी एका मुख्याध्यापकाचा मोबाइल, अशी ही उतरंड आहे आणि प्रत्येक पायरीवर मुदत एकेक दिवसाने कमी होते. या उतरंडीत ‘हे शाळेला जमणार नाही’ असे वर लिहून कळवण्याचा अधिकार ज्याच्या सहीला आहे, असे आमच्या सगळ्यांत जवळचे अधिकारी आपण आहात. म्हणून हे पत्र आपल्याला.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत, आणि त्या समितीच्या 21 डिसेंबरच्या सभेत ठराव होऊन मंजूर झालेल्या आहेत.

1. 17 डिसेंबरचा आदेश आमच्या शाळेपुरता लेखी मागे घ्यावा आणि स्नेहसंमेलन 3 जानेवारीलाच, ठरल्याप्रमाणे, होऊ द्यावे. ही तारीख पुढे ढकलण्याचा पर्याय आमच्याकडे का नाही, ते वर सांगितले आहे.

2. गणित-विज्ञानाच्या शिक्षकांची कामगिरी रद्द करून त्यांना 2 जानेवारीपासून शाळेत हजर करावे. रिकाम्या पदाबाबत काय कार्यवाही चालू आहे, ते समितीला कळवावे.

3. तालुक्याच्या कार्यक्रमाला मुले पाठवायची की नाही, हे त्या त्या मुलाच्या पालकाच्या लेखी संमतीवर ठेवावे. जी मुले जातील त्यांच्यासाठी प्रवासी बस, वेळेवर जेवण, पिण्याचे पाणी, उघडे स्वच्छतागृह आणि दर वीस मुलांमागे किमान एक शिक्षिका असावी. मालवाहू वाहनात आम्ही मुले बसू देणार नाही.

4. येत्या जूनपासून वर्षभरातल्या उपक्रमांची यादी सत्राच्या सुरुवातीलाच शाळांना द्यावी. पंधरा दिवसांपेक्षा कमी मुदतीचा उपक्रम ऐच्छिक मानावा. शाळेच्या वेळेत शिक्षकांकडून माहिती मागवू नये, आणि उपक्रम झाल्याचा पुरावा म्हणून फोटोऐवजी मुख्याध्यापकांची एका ओळीची नोंद ग्राह्य धरावी. ज्यांचा मुख्याध्यापकांच्या सहीवर विश्वास नाही, त्यांनी येऊन मुलांना विचारावे. मुले खरे सांगतात.

5. बोअरची मोटर. याविषयी आणखी काही लिहीत नाही.

या मागण्यांत पैशाची म्हणावी अशी एकच आहे आणि ती मोटरची आहे. गावात चौकशी केली तर जळालेल्या मोटरच्या गुंडाळणीचा खर्च आपल्या एका स्वागत-कमानीपेक्षा कमी भरेल. तरीही जिल्हा परिषदेकडे निधी नसेल तर तसे लेखी द्यावे. ते पत्र आम्ही 26 जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवू आणि गाव वर्गणी काढील. वर्गणी काढायला गाव मागेपुढे पाहणार नाही, पण कोणामुळे काढावी लागली, हे त्याला माहीत असले पाहिजे.

मांडववाल्याला 30 डिसेंबरपर्यंत पक्के सांगायचे आहे. सात सूर्यफुलांच्या पाकळ्यांना आतून तार घालायची बाकी आहे आणि मुक्ताच्या लुगड्याची उंची मी एक बोट जास्त ठेवून टाचून ठेवली आहे. म्हणून आपले उत्तर 29 डिसेंबरपर्यंत मिळावे. ते शाळेच्या पत्त्यावर, कागदावर, सहीनिशी आणि जावक क्रमांक घालून पाठवावे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नये. तो फोन वर्गात वाजतो.

आपली विश्वासू,
एक पालक,
सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती